सात शेर मिरच्यांचा उन्हाळा

काल दुपारी शिंक आली आणि माझा उजवा हात आपसूक पोटावर गेला. शिंक येऊन गेली, हात तिथंच राहिला. सून बघत होती. म्हणाली, "आई, ऑपरेशनला इतकी वर्षं झाली, अजून धरता?" काय सांगू तिला! पोट कधीच विसरलं, हात विसरायला तयार नाही.

चैत्र लागला की हे व्हायचंच. खाली मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायचे डंक सुरू होतात, सकाळपासून धाड धाड धाड, आणि मिरचीचा खकाणा लिफ्टची वाट न बघता सहाव्या मजल्यावर येतो. या नव्या इमारतीला काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत. मुलगा म्हणतो, बंद कर. बंद केल्या तरी येतो. मी उघड्याच ठेवते. शिंकते, पोट धरते आणि चिडते. वयाची ऐंशी ओलांडलेल्या बाईनं एवढं चिडू नये म्हणतात. म्हणोत. तो एक उन्हाळा आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणीच्या भोंग्याइतकीच घोषणांची सवय झाली होती कानांना. आज दादरला सभा, उद्या गिरगावात मोर्चा, परवा हरताळ. मी लालबागेत खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटीबिटी नाही हो, दहा बाय बाराची आमची राहती खोली. आमचे हे गिरणीत साचेखात्यात, मागांवर कामाला, आणि वर चौदा जेवणारे. सगळे आमच्याच बाजूचे, देवगड-मालवणकडचे, बायकापोरं गावी ठेवून गिरणीत आलेले. पाळीप्रमाणे दोन पंगती उठायच्या. सगळे मला वयनी म्हणायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. मी सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली, अक्षर माझं मोत्यासारखं. पण नाव झालं ते मसाल्यावर. वयनीच्या हातचा मसाला. परळ-लालबागेत मसाले करणाऱ्या बाया काय कमी होत्या? तरी माणसं म्हणायची, वयनीची आमटी नुसती हुंगून भात जातो.

आणि ती वयनी स्वतः काय जेवायची? सगळ्यांचं आटोपलं की तीन-चार वाजता गार भात आणि तळाला उरलेलं कालवण. तोपर्यंत चहावर चहा. बाईमाणसानं आधी जेवायचं नसतं, आणि खानावळवालीनं तर नाहीच नाही. चार वर्षं पोटात जळत होतं. सोडा घेतला, ओव्याचा अर्क घेतला, गावचा अंगारा घेतला. शेवटी माघ संपता संपता भाकऱ्या थापता थापता रक्ताची उलटी झाली, आणि मला टॅक्सीत घालून परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अल्सर आहे, जठराचा तुकडा काढावा लागेल. मी विचारलं, "किती दिवसांत चुलीपुढे बसता येईल?"

पहिलं भांडण झालं बांगड्यांवरून. सिस्टर म्हणाली, ऑपरेशनला हातात काही चालणार नाही, काढा. हिरवा चुडा! मी म्हटलं, जीव गेला तरी काढणार नाही. नवरा धडधाकट आहे माझा, बाहेर बाकड्यावर बसलाय. ती म्हणाली, मग फोडू? जळ्ळं मेलं तोंड! फोडणं हा शब्द तरी काढतात का कुणी? शेवटी साबणाचं पाणी आणलं. माझा हात चांगला भरलेला होता, पीठ मळून मळून तळवा रुंद झालेला. एकेक बांगडी काढताना अंगठ्याचं हाड कळवळायचं. बाराच्या बारा शाबूत निघाल्या. ह्यांनी त्या रुमालात बांधल्या आणि रुमाल खिशात ठेवून दिला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. नंतरचं मात्र सगळं आठवतं, आणि त्यातलं एकही धड नाही. नाकात नळी, हातात सलाईन, पोटावर मोठ्ठं बॅण्डेज, आणि तहान. पाण्याचा थेंब द्यायचे नाहीत. का, तर अजून वारा सरला नाही. आतडी पुन्हा चालू झाली की वारा सरतो, तोवर पाणी नाही. रोज सकाळी तो माझ्या भावाच्या वयाचा डॉक्टर यायचा आणि चारचौघांत विचारायचा, "काय बाई, वारा सरला का?" लाजेनं मेल्याहून मेली झाले. दुपारी भेटीच्या वेळेला खानावळीतले पाच-सहा जण यायचे. त्यांत पुढे तातू. तातू म्हणजे आमच्या चाळीचा घोषणा देणारा, मोर्चात पुढे ह्याचाच आवाज. त्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. दारातनंच ओरडला, "वयनी, वारो सरलो काय?"

अख्खा वॉर्ड हसला. मलाही हसू आलं, आणि हसू आलं तशी पोटात सुरी फिरली. "हसवू नको रे मेल्या, टाके तुटतले," म्हणून मी रडायला लागले. तातूचं तोंड एवढंसं झालं. बिचारा दुसऱ्या दिवसापासून खाटेजवळ येऊन कानात विचारायचा, पण त्याचं कानातलं बोलणंही चार खाटांवर ऐकू जायचं.

शेजारच्या खाटेवर सोनूबाई म्हणून होत्या, नायगावच्या चाळीतल्या. त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन, माझ्याआधी आठ दिवस. त्यांच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, उशाशी बुद्धाची लहानशी तसबीर असायची. त्यांनी मला खोकायला शिकवलं. हसू नका, खोकणंही शिकावं लागतं. त्यांच्याकडे जुन्या लुगड्याची घट्ट शिवलेली छोटी उशी होती. म्हणाल्या, "खोकला आला, शिंक आली, की ही पोटावर दाबायची आणि मगच सोडायचं. नाहीतर टाका उसवतो." चौथ्या दिवशी वारा सरला, तेव्हा पहिलं चमचाभर पाणी मला त्यांनीच पाजलं. माझ्या खोलीत मी त्यांच्या हातचं पाणी घेतलं असतं का? खरं सांगते, नसतं घेतलं. आणि घेतलं असतं तर पंगतीतले निम्मे उठून गेले असते. तिथं मात्र तो चमचा मी दातांनी धरून ठेवला होता. घरी निघताना त्यांनी ती उशी मला देऊन टाकली. मी नुसती घेतली, "कधी लालबागला या" एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. पुढे कितीदा मनात आलं, नायगावला जावं, भेटावं. गेले नाही. ह्या गोष्टीची चीड येते ती निव्वळ माझीच येते.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मला घरी आणलं. तेव्हा घर माझं राहिलंच नव्हतं. चुलीपुढे इंदू बसलेली. इंदू म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर रे रोडला लाकडाच्या वखारीत, त्यांचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. मी इस्पितळात गेले तशी ती आमच्याकडे राहायला आली आणि चौदा माणसांचा रगाडा एकटीनं ओढायला लागली. बोलणं कमी, काम दणदणीत. मी खाटेवर उताणी, आणि डोळ्यांदेखत माझ्या कढईत दुसरीचं उलथणं. मीठ उजव्या हाताला ठेवायचं तर ही डाव्या हाताला ठेवायची. तव्यावरची भाकरी माझ्यापेक्षा जाड. मी खाटेवरून हुकूम सोडायचे, ती "होय वयनी" म्हणायची आणि स्वतःसारखंच करायची.

सगळ्यांत मोठा जाच पेजेचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोट आता लहान झालंय, दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. तिखट वर्षभर बंद, मसाला जिभेला लावायचा नाही. इंदूनं ते वाक्य जणू गोंदवून घेतलं. पहिल्या पाळीची माणसं घामेजून यायची, पाटावर बसायची, रिकाम्या ताटांपुढे. आणि ही आधी वाटी घेऊन माझ्यासमोर उभी. "वयनी, पेज घेतलास काय?" चौदा पुरुष ताटकळत बसलेत आणि खानावळवाली त्यांच्यासमोर पेज भुरकतेय! शरमेनं घास उतरायचा नाही. मी वाटी खाटेखाली सरकवायची. ती वाकून काढायची, पुन्हा हातात द्यायची, आणि संपेपर्यंत हलायची नाही. तातू तिकडून ओरडायचा, "घेवा वयनी, आमका घाय नाय." घाई कशी नाही? दुपारी मोर्चा असायचा.

ते सगळे बाहेर, आणि मी आत. त्याचाही संताप व्हायचा. खालून मिरवणूक गेली की गॅलरीत बायकांची झुंबड उडायची, मला नुसते आवाज. "झालाच पाहिजे!" म्हणून अख्खी चाळ ओरडायची, आणि मला डॉक्टरांनी ओरडायला बंदी केलेली. एकदा राहवलं नाही, मीही "झालाच" म्हणायला गेले, आणि "पाहिजे"ला पोट धरून खाली बसले. आमचे हे म्हणाले, "उगी रव गो. तुझ्याशिवाय होयत तो." माझ्याशिवाय सगळंच होत होतं. तेच तर सलत होतं.

आणि मग चैत्र लागला. मसाल्याचे दिवस आले.

आजकालच्या पोरींना सांगून कळायचं नाही. आमचा मसाला वर्षाचा. एकदा कांडला, बरण्यांत भरला, की पुढच्या चैत्रापर्यंत तोच. तो फसला तर वर्षभर प्रत्येक आमटी फसली, प्रत्येक कालवण फसलं. पलीकडच्या चाळीत दोन खानावळी होत्याच टपून. माणसं आमटीसाठी टिकतात. आमटी गेली की पाट रिकामे. आणि पाट रिकामे झाले की मी कोण? पोट शिवलेली एक बाई, दर दोन तासांनी पेज पिणारी.

गच्चीवर सात शेर मिरच्या वाळत पडल्या. निम्म्या संकेश्वरी, निम्म्या बेडगी. त्या दुकानदाराकडून तराजूनं तोलून यायच्या. बाकीचं सगळं, धणे, बडीशेप, खसखस, दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल, नागकेशर, सगळं माझ्या मुठीनं. धण्याच्या किती मुठी, लवंगेची मूठ भरलेली की अर्धी, कशाची ओंजळ आणि कशाची चिमूट, ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या आईनं मला मरताना सांगितलं. हे म्हणाले, "यंदा इंदूक सांग. ती करीत." मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दीड वर्षाच्या जावेला आज मसाला सांगायचा, म्हणजे उद्या खानावळ तिची झाली. मसाला मीच घालणार. बसून घालीन, पण मीच घालीन.

कांडपाच्या बाया आल्या त्या दिवशी मला खाटेवर उशीला टेकवून बसवलं. पोटाला पट्टा, पट्ट्यावर सोनूबाईंची उशी. इंदू खाली मिरच्या परतत होती. खोली खकाण्यानं भरली. खोकला आला की मी उशी दाबायची, डोळे मिटायची, आणि एक खोकला सोडायची. बाहेरच्या बाईला वाटलं असतं, हिला कळा येताहेत. पाणी डोळ्यांतून गळत होतं, तरी एकेक डबा पुढे ओढून मी मूठ भरत होते. धणे. बडीशेप. खसखस. आकडे मनात, मोठ्यानं नाही. इंदू कढई हलवत माझ्या हाताकडे बघत होती. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "वयनी, तुमची मूठ बारकी भरता."

माझा पारा चढला. "माका शिकवतंस? तू परकर नेसायच्या आधीपासून मसालो करतंय मी!" कांडपाच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि मुसळं उचलली.

मसाला तयार झाला, लालभडक. इतका लाल कधीच झाला नव्हता. शेजारणी येऊन बघून गेल्या, काय रंग आलाय म्हणाल्या. इंदूनं विचारलं, "जरासो चाखून बघू?" मी म्हटलं, "मी चाखूचा नाय, मगे तू कोण चाखणारी?" त्यात कसला न्याय होता, मला विचारू नका. मला मिळत नाही तर कुणालाच नको, असं झालं होतं त्या दिवसांत. बरण्यांची तोंडं मी स्वतः फडक्यानं बांधली.

त्या रंगावर मी दीड महिना खूश होते. हसू येतं आता. नाही, हसू नाही येत.

मसाला चुलीवर चढला आणि इंदू आमटीत नारळ जास्त घालायला लागली. एकाच्या जागी दोन, वर कोकमाचं आगळ. मी खाटेवरून बोंब मारायची, "नारळ काय तुझ्या बापाच्या माडावरचे?" ती "होय वयनी" म्हणायची आणि खवत राहायची. जेवणारे आले की त्यांचे डोळे लाल, नाकं वाहताहेत, धोतराच्या सोग्यानं पुसताहेत. ते दिवसच तसे होते. कुठे ना कुठे जमाव अडवायचे, अश्रुधूर सोडायचे, माणसं डोळे चोळत घरी यायची. मला वाटायचं, धुराचेच डोळे. मी इंदूला सांगायची, "पाणी दे गो त्यांका, धुरातसून इले ते." ती तांब्या भरून भरून द्यायची. मग एक पाट रिकामा दिसायला लागला. दुसरा झाला. मी विचारलं की कुणीतरी म्हणायचं, तो सत्याग्रहाला गेला, तो गावी गेला. मला अभिमान वाटायचा हो. माझ्या पंगतीतली माणसं लढ्याला गेली म्हणून! चौदाचे नऊ झाले, तरी मी छाती काढून बसलेली.

तातूला मात्र खरोखर पकडून नेलं. पंधरा दिवस आत होता. सुटला त्या दिवशी चाळीत ढोल वाजले, ओवाळणं झालं, आणि तो गळ्यात हारासकट सरळ आमच्या खोलीत आला जेवायला. त्या दिवशी मी हट्टानं खाली बसले, पट्टा आवळून, आणि माझ्या हातानं त्याला वाढलं. इंदू नारळ खवायला गेली तर मी तिला अडवलं. म्हटलं, आज अस्सल माझी आमटी होऊ दे. तातूनं भुरका मारला. दुसरा मारला. डोळे भरले, नाक लाल झालं. मला भरून आलं. मी म्हटलं, "अजून उतरलो नाय रे तुझ्या डोळ्यांतलो धूर?"

तो भाबडा माणूस. घोषणा देताना विचार करायचा नाही आणि बोलतानाही नाही. म्हणाला, "वयनी, तुरुंगात धूर खंयसून येतलो?"

आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. ताटावर मान घालून भराभर भात कालवायला लागला. पंगतीतलं कुणी वर बघेना. इंदू भिंतीकडे तोंड करून उभी.

मी आमटीच्या पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. इंदू धावली, "वयनी, नको, डाक्टर," पण झालं होतं. नुसती आग. धणे नाहीत, बडीशेप नाही, लवंगेचा मागमूस नाही. मिरची आणि मिरची आणि मिरची. दीड महिना ही माणसं हे जेवत होती. नारळाखाली झाकून इंदू वाढत होती, आणि वयनी आजारी आहे म्हणून ती मुकाट गिळत होती. जी गेली तीही सांगून गेली नाहीत. एखाद्यानं ताट भिरकावलं असतं तर मी त्याच्याशी चार दिवस भांडले असते आणि मोकळी झाले असते. ह्या दयेचं काय करायचं? मला त्यांचा राग आला, इंदूचा राग आला, डॉक्टरांचा आला, माझ्या कापलेल्या पोटाचा आला. पंगत उठेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.

मग माझी नजर माझ्या हाताकडे गेली. घरी आल्यावर हिरव्या बांगड्या मी पुन्हा घातल्या होत्या. घालताना साबण लागला नव्हता, तेव्हाच समजायला हवं होतं. हात खाली केला की त्या बोटांवर येऊन थांबायच्या. मी वर सारून कोपरापाशी ठेवायची आणि पदर ओढायची. कासार चाळीत आला होता, म्हणाला होता, "लहान मापाच्या भरू का, बाई?" त्यालाही मी हाकलला होता. माझं माप मला माहीत आहे म्हणून. मिरच्या तराजूनं सात शेर आल्या, पुऱ्या सात. आणि बाकी सगळं ज्या मुठीनं घातलं ती मूठ इस्पितळातल्या उपासानं आणि महिनाभराच्या पेजेनं वाळून पोरीच्या मुठीएवढी झाली होती. इंदूनं पहिल्या मुठीलाच ओळखलं होतं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझा पीळ जळायला ती दुपार अख्खी गेली. संध्याकाळच्या दिवेलागणीला मी हाक मारली, "इंदू, हंय ये." ती आली, हात पुसत. मी हात खाली केला, बांगड्या आपसूक गळून मांडीवर पडल्या. म्हटलं, "घाल." ती घाबरली, चुडा कसा घालू दुसरीचा म्हणाली. मी म्हटलं, घाल म्हणते ना. तिच्या अंगठ्याच्या हाडाशी बांगडी अडली. साबण आणावा लागला. पूर्वी मला लागायचा, अगदी तसाच. एक बांगडी चढली तेव्हा मी तिची मूठ माझ्या दोन्ही हातांत धरून बघितली. रुंद, गच्च, गरम. माझीच गेल्या वर्षीची मूठ. मग मी तिला आकडे सांगितले. मोठ्यानं सांगितले, खोलीत सगळे असताना. धणे इतक्या, बडीशेप इतक्या, लवंग अर्धी.

दुसऱ्या दिवशी जेवढं कमी पडलं होतं तेवढं तिनं तिच्या मुठीनं भाजलं, कांडलं, बरण्यांत मिसळलं. तिनं चाखलं, मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. पावसाळ्याआधी गेलेले पाट भरले, वर दोन वाढले. तातू म्हणाला, "आता खरी आमच्या वयनीच्या हातची आमटी!"

आणि मी गप्प बसले. इथंच माझी खरी चूक आहे, मुठीची नाही. मी गप्प बसले त्या दिवशी, आणि पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्या. माझा हात पुन्हा कधी भरलाच नाही. दर चैत्रात इंदू रे रोडहून यायची, तिच्या मुठीनं मसाला घालायची, बरण्या भरून जायची. महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, खानावळ आणखी वीस वर्षं चालली, गिरण्या बंद पडल्या तशी तीही बंद पडली. आणि इतकी वर्षं सगळी माणसं म्हणत आली, वयनीच्या हातचा मसाला. इंदूच्या देखत म्हणत आली. तिनं कधी "माझा हात" म्हटलं नाही. मी कधी म्हणू दिलं नाही.

काल त्या शिंकेनंतर सून वही घेऊन बसली. "आई, प्रमाण सांगा ना, वजनावर लिहून घेते. तुमच्या हातचा मसाला शिकायचाय." मी म्हटलं, "फोन लाव दादरला. इंदूला." इंदू आता तिच्या लेकाकडे दादरला असते, गुडघे गेलेत, ऐकू बरं येतं. फोनवर मी तिला कसं आहेस, काय आहेस काहीच विचारलं नाही. एकदम म्हटलं, "इंदू, मसालो तुझ्या हातचो होतो गो. सगळी वर्षां. माझ्या नाय." सुनेनं पेन खाली ठेवलं.

तिकडून ती म्हणाली, "ता ऱ्हवांदे. दोन वाजान गेले. वयनी, पेज घेतलास काय?"

नव्हती घेतली. मुलगा अजून यायचा होता, सून जेवायची होती, नातवंडं शाळेतून यायची होती. मी पान मांडायला सांगितलं आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसले.